टिपणातली शेतं, पाण्यातलं देऊळ

मार्च सरत आला की इंदापूर तालुक्यात एक शब्द वारंवार कानावर पडू लागतो: मायनस. 'उजनी मायनसमध्ये गेलं' हे वाक्य एसटी स्टँडवर, सोसायटीत, सलूनमध्ये सारख्याच काळजीने उच्चारलं जातं. भीमेवरच्या या धरणात जवळपास ११७ टीएमसी पाणी मावतं. पण त्यातलं निम्म्याहून अधिक, त्रेसष्टच्या आसपास, मृतसाठा आहे. त्याच्या वरचं पाणी संपलं की कागदावर शून्य टक्के होतात, आणि तिथून खाली उतरलं की मायनस. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोचला होता.

पाणी उतरतं तसं पळसदेव वर येतं.

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण सोडून इंदापूरच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला जलाशय सोबत करतो. नवं पळसदेव रस्त्यालगत आहे. जुनं भीमेच्या काठी होतं आणि उजनीच्या पाण्यात गेलं. पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर एरवी पाण्यातून डोकं काढून असतं, त्याच्यावर पक्षी बसलेले असतात. कडक उन्हाळ्यात आधी शिखराचा खांदा दिसतो, मग भिंती, मग मंडप, आणि शेवटी भेगाळलेल्या गाळातून वीरगळ वर येतात. हातात ढाल-तलवार घेतलेले, गाई सोडवताना पडलेले, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेले. कोणाचे, कोणत्या लढाईतले, हे विचारायला जुनं गावच उरलेलं नाही.

मग गाड्या येतात. होडीवाले येतात, ड्रोनवाले येतात. फ्लेमिंगो पाहायला कुंभारगावाकडे निघालेली मंडळीही वाट वाकडी करतात. एका रविवारी या देवळाचे जितके फोटो निघतात, तितकी रेखाटनं जगातल्या फार थोड्या देवळांच्या नशिबी आली असतील. तरीही या फोटोंच्या ढिगातून एक साधा प्रश्न सुटत नाही: गर्भगृहाची भिंत किती जाड आहे? शिखराचा विटांचा थर दगडाच्या कितव्या थरावर सुरू होतो? कुठला खांब मूळचा आणि कुठला नंतर टेकू म्हणून लावलेला? यासाठी कोणीतरी फीत धरावी लागते, दुसऱ्याने आकडा ओरडून सांगावा लागतो आणि तिसऱ्याने तो कागदावर उतरवावा लागतो.

इंदापूरला हे काम नवं नाही. उलट, फीत धरून कागदावर उतरवण्याच्या कामात या तालुक्याचं नाव सगळ्या मुंबई इलाख्यात पहिलं आहे. फक्त तेव्हा मोजलं गेलं ते वेगळं काही.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दख्खनची जमीन मोजायला घेतली. रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली पहिली मोजणी इतकी फसली की सारा भरता न आल्याने लोक गावं सोडून जाऊ लागले. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करातला तरुण इंजिनियर, दोघांना नव्याने सुरुवात करायला पाठवलं गेलं. त्यासाठी तालुका निवडला गेला तो इंदापूर. तिथे बसवलेली पद्धत पुढे सगळ्या इलाख्यात गेली आणि आजचा सर्व्हे नंबर तिच्याच पोटातून आला. बांधाच्या टोकाला पुरलेला दगड, शंकू आणि साखळी घेऊन फिरणारे मोजणीदार, तेहतीस फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. शेतकऱ्याला हे आजही पाठ असतं.

मोजणीदार प्रत्येक शेताची आकृती जागेवरच हाताने काढायचा आणि बाजूंवर मापं मांडायचा. त्या कागदाला भूमी अभिलेखात आजही 'टिपण' म्हणतात. भावाभावांत बांधावरून वाजलं की पहिली मागणी असते ती टिपण काढण्याची. टिपण म्हणजे रेघ आणि टाचण एकत्र: आकृतीही आणि नोंदही. परदेशातल्या मोठ्या अभिलेखागारांत प्राचीन वास्तूंची जी रेखाटनं आणि टाचणवह्या जपून ठेवलेल्या असतात, त्यांना मराठीत याहून नेमका शब्द सापडायचा नाही.

पण इंदापूरच्या टिपणात एक भोक आहे, आणि ते ठरवून ठेवलेलं आहे. जिथे सारा नाही तिथे मोजणी नाही. त्यामुळे गावनकाशात शेतं रेषारेषांनी भरलेली दिसतात आणि मध्ये गावठाण म्हणून एक कोरा तुकडा. घरं, वाडे, गढी, वेस, पार, देऊळ सगळं त्या कोऱ्या तुकड्यात. फार तर देवळाची एक खूण. गावठाणातली घरं मोजायचं सरकारच्या मनावर आलं ते अगदी अलीकडे, ड्रोन आल्यावर. त्याचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला. पाण्याखालच्या गावठाणावर ड्रोन काय करणार? म्हणजे जुन्या पळसदेवचं उसाचं, ज्वारीचं रान बांधासकट कागदावर आहे. ज्याच्या नावावरून गावाला नाव पडलं ते देऊळ त्या कागदात ठिपक्याएवढं.

याच्या अगदी उलट गोष्ट नाईल नदीच्या काठी घडली. बारामती-इंदापूरच्या वाचकाला ती जास्त जवळची वाटेल, कारण तिच्यात साखर कारखाना आहे.

लक्झरच्या थोडं वर, नाईलच्या पश्चिम काठावर आर्मांत नावाचं गाव आहे. क्लिओपात्राने आपल्या मुलाच्या, सीझरपासून झालेल्या सीझेरियनच्या, जन्माच्या निमित्ताने तिथे एक जन्ममंदिर बांधलं होतं. उंच खांबांचं, भिंतींवर देवतांच्या बाळंतपणाचे प्रसंग कोरलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इजिप्तच्या राज्यकर्त्यांना उसाने झपाटलं. आर्मांतला साखर कारखाना उभारायचं ठरलं, आणि १८६० च्या दशकात आयता घडीव दगड म्हणून ते देऊळ उतरवलं गेलं. आज तिथे पाहण्यासारखं जवळजवळ काही नाही.

नीरा डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामतीकडे आलं आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. पुढे वालचंदनगर वसलं, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशी धुराडी एकामागून एक उठली. या भागात कारखान्यासाठी देऊळ पाडल्याची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि तसा आळ घेण्याचं कारणही नाही. इथलं देऊळ पाण्याखाली गेलं, आणि त्या पाण्यातलं पुष्कळसं शेवटी उसालाच मिळालं. एवढा फरक.

आर्मांतचं जन्ममंदिर तरीही पुरतं मेलेलं नाही. त्याचा तळ, त्याचे खांब, खांबांची शीर्षं, भिंतीवरची चित्रं कागदावर आहेत, कारण पाडापाडीच्या साठ वर्षं आधी तिथे काही तरुण फ्रेंच लोक वह्या घेऊन बसले होते.

नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तवर चालून गेला तेव्हा सैन्याबरोबर दीडशेहून अधिक विद्वान आणि कारागीर घेऊन गेला होता. गणिती, वनस्पतिशास्त्रज्ञ, चित्रकार, आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेले विशीतले इंजिनियर. या इंजिनियरांना पाठवलं होतं नाईलचं पाणी मोजायला. देवळं दिसल्यावर ते पाणी विसरले. वरिष्ठ चिडले, तरी पोरं ऐकेनात. पेन्सिली संपल्या तेव्हा बंदुकीच्या गोळ्यांचं शिसं वितळवून त्यांनी बोरूच्या नळ्यांत ओतलं आणि काम चालू ठेवलं. या सगळ्यातून १८०९ ते १८२८ या काळात 'देस्क्रिप्स्यों द लेजिप्त' हा प्रचंड ग्रंथ निघाला. त्यातली काही देवळं त्या ग्रंथाआधी हजारो वर्षं उभी होती आणि ग्रंथ निघून संपायच्या आत नाहीशी झाली. एलिफंटाइन बेटावरचं तिसऱ्या आमेनहोतेपचं सुबक देऊळ १८२२ मध्ये दगडांसाठी पाडलं गेलं. त्याच वर्षी शांपोलियोंने चित्रलिपीचं कोडं सोडवलं. लिपी वाचता येऊ लागली तेव्हा वाचायची भिंत गेलेली होती. उरली ती, न कळता, आकार पाहून उतरवलेली नक्कल.

या फ्रेंच मोहिमेला एक मराठी शेपूटही आहे. १८०१ मध्ये फ्रेंचांना हुसकावायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून फौज पाठवली. तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. तांबड्या समुद्रावरच्या कोसेर बंदरात उतरून, वाळवंट ओलांडून ही फौज नाईलकाठच्या केना गावी पोचली. पलीकडे देंदेराचं हाथोर देवीचं देऊळ. गाईचे कान असलेली देवी आणि भिंतीवर प्राण्यांच्या तोंडांचे देव पाहून शिपायांनी तिथे नमस्कार घातले, हे आपलेच देव म्हणाले, अशी हकीगत त्या वेळच्या इंग्रज वृत्तांतांतून येते. ती साहेबांनी थोडी रंगवून लिहिलेली असणार. पण गाईच्या कानांची देवी दिसल्यावर कोकणातल्या किंवा देशावरच्या शिपायाचा हात कपाळाकडे गेला असेल, तर त्यात नवल कसलं?

नेपोलियनचे लोक इजिप्तला पोचण्याच्या काही वर्षं आधी पुण्याचा एक माणूस वेरूळच्या लेण्यांत कागद घेऊन बसला होता. त्याचं नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याला लेण्यांचं वेड लागलं आणि त्याने गंगारामला हाताशी धरलं. गंगारामने मॅलेटसाठी पुष्कळ काही काढलं: पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा, पैलवान, माणसं, आणि वेरूळचं कैलास. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला, शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. वेरूळविषयीचा मॅलेटचा लेख कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापला गेला, त्यासोबतची चित्रं गंगारामच्या रेखाटनांवरून केलेली होती.

गंगारामचे कागद पाहताना एक गोष्ट मजेची वाटते. इंग्रज चित्रकार लेणं काढायचा तेव्हा समोर एखादा झुकलेला वृक्ष, सावलीत बसलेला फकीर, वर ढग असा देखावा तयार व्हायचा. गंगाराम त्या देखाव्याच्या नादी फारसा लागत नाही. कारागिराच्या घरातला माणूस. भांडं कसं घडतं ते ठाऊक असलेला. त्याची नजर जाते ती खांब कसा उभा आहे, मूर्तीच्या हातात काय आहे, कोणती पायरी कुठे वळते याकडे. सौंदर्य थोडं कमी, हिशोब पक्का. रेखाटन म्हणून ते वेल्सच्या खाली ठेवायचं की वर, यावर कलासमीक्षक वाद घालोत. टिपण म्हणून ते अव्वल आहे.

पण काळ वाईट निघाला. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुढच्याच महिन्यात वेल्स तापाने गेला. शाळा विस्कटली. वेल्सच्या मुलीशी मॅलेटने पुढे लग्न केलं आणि कागदांचे गठ्ठे विलायतेला गेले. थॉमस डॅनिएलने १८०३ मध्ये वेरूळची भव्य चित्रं छापली ती वेल्सच्या नावाने. गंगारामच्या कागदांचा मोठा संग्रह आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहे. पुण्याच्या तांबट आळीत आजही ठोके ऐकू येतात. तिथून न्यू हेवन फार लांब पडतं.

त्याच वर्षांत बारामतीत, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत लिहीत होते. १७९४ मध्ये ते गेले. त्यांचं काव्य टिकलं कारण ते हातोहात उतरवलं गेलं: कीर्तनकारांनी, विद्यार्थ्यांनी, हौशी गृहस्थांनी. पोथीची नक्कल करण्याची सवय या समाजाच्या हाडात होती. देवळाची नक्कल करावी असं मात्र कोणाला वाटलं नाही. वाटावं तरी का? देऊळ दगडाचं, ते कुठे जातंय? पडलं तर पुन्हा बांधू, दुप्पट उंच, चुन्याचं, आता सिमेंटचं. जीर्णोद्धार हा आपल्याकडे पुण्याचा विषय आहे. जीर्णोद्धाराआधी जे होतं त्याचा कागद करून ठेवणं हा कोणाच्याच पुण्याचा विषय नाही. कऱ्हेवर, नीरेवर, भीमेवर गेल्या पन्नास वर्षांत ऑइलपेंटने झाकलेले खांब मोजायला बसलं तर एक चातुर्मास पुरायचा नाही.

इंग्रजी अंमलात हे काम सरकारी झालं. १८६८ मध्ये अंबरनाथच्या शिवमंदिराची पद्धतशीर रेखाटनं आणि साचे करण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून टेरी या अधीक्षकाच्या हाताखाली मंडळी गेली, त्यांत शाळेचे विद्यार्थी होते. १८८५ मध्ये पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर तीन भागांत निघालं आणि त्याच वर्षी जेम्स बर्जेसची मुंबई इलाख्यातल्या पुरातन अवशेषांची यादी आली. ती सुधारून हेन्री कझन्सने १८९७ मध्ये पुन्हा काढली. या याद्या जिल्हावार, तालुकावार आहेत आणि वाचायला कोरड्या ठणठणीत. अमुक गावी महादेवाचं जुनं देऊळ, तमुक गावी मशीद, एक लेख. पण कझन्सचे नकाशे पाहावेत. 'मिडीव्हल टेंपल्स ऑफ द दख्खन' हे त्याचं पुस्तक १९३१ मध्ये आलं, तो निवृत्त होऊन वीस वर्षं झाल्यावर. त्यात भीमेच्याच काठचं, पळसदेवपासून वरच्या अंगाला असलेलं श्रीगोंदे तालुक्यातलं पेडगाव आहे. तिथल्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाचा तळनकाशा पाहिला की आपण वरून छप्पर काढून आत बघतो आहोत असं वाटतं.

कागदही अमर नसतो, हे अजिंठ्याने शिकवलं. रॉबर्ट गिलने १८४४ पासून पुढची बरीच वर्षं तिथे राहून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे. जे.चा जॉन ग्रिफिथ्स आणि त्याचे विद्यार्थी १८७२ पासून कामाला लागले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. लेण्यात चित्रं अजून आहेत.

इजिप्तच्या बाबतीत युरोपात एक वेगळी जिद्द दिसते. स्कॉटलंडचा रॉबर्ट हे हा श्रीमंत माणूस १८२४ पासून दहा वर्षं चित्रकारांचा ताफा घेऊन थडगी उतरवत राहिला. त्याच्या वह्यांचे एकोणपन्नास खंड ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतलं फार थोडं छापलं गेलं. ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटमध्ये असल्या कागदांचं मोठंच भांडार आहे. बर्था पोर्टर आणि रोझलिंड मॉस या दोन बायकांनी तिथल्या परंपरेत एक काम केलं, ज्याला पिढ्या लागल्या: इजिप्तमधली कुठली भिंत, कुठलं दार, कुठला खांब कोणाच्या कुठल्या वहीत उतरवलेला आहे, याची सूची. पहिला खंड १९२७ चा. पुतळा कैरोत, भिंत लक्झरला, तिचं चित्र लंडनच्या वहीत, ही मोडतोड या सूचीने जोडली. एखाद्या धरणग्रस्त कुटुंबाचा सातबारा, टिपण आणि मोबदल्याचा कागद तीन कचेऱ्यांतून जमवलेल्या माणसाला या कामाची खरी किंमत कळेल.

हॉवर्ड कार्टरचं नाव तुतनखामेनमुळे जगाला माहीत आहे. तो इजिप्तला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि गेला तो उत्खननासाठी नव्हे, बेनी हसनच्या थडग्यांतली चित्रं ट्रेस करायला. साल १८९१. शाळा फारशी झालेली नाही, बाप चित्रकार, हात चांगला. एकतीस वर्षांनी तुतनखामेनचं थडगं उघडलं तेव्हा त्याचा तो हात कामी आला. आतल्या पाच हजारांहून अधिक वस्तू बाहेर काढायला दहा वर्षं लागली, कारण प्रत्येक वस्तू हलवण्याआधी तिचं कार्ड तयार होत होतं: मापं, रेखाटन, कशावर काय पडलं होतं, मणी कोणत्या क्रमाने होते. दोरा कुजलेला, हात लावला की मणी विखुरणार, मग माळ कशी होती हे कोण सांगणार? ते कार्ड.

फोटो असताना चित्र कशाला, हा प्रश्न तिथेही निघाला. लक्झरला १९२४ मध्ये शिकागो विद्यापीठाने तळ टाकला, तो आजही चालू आहे. त्यांची पद्धत अशी: भिंतीचा मोठा फोटो काढायचा, तो फोटो घेऊन भिंतीसमोर उभं राहायचं आणि त्याच्यावरच पेन्सिलीने कोरीव रेघ ओढायची. मग शाईने गिरवायचं, आणि रसायनाने फोटो धुऊन टाकायचा. कागदावर फक्त रेघ उरते. ती प्रत घेऊन लिपी जाणणारा एक माणूस पुन्हा भिंतीशी जातो, चुका काढतो. मग दुसरा जातो, तो पहिल्याच्या चुका काढतो. कॅमेऱ्याला भेग, सावली आणि छिन्नीचा घाव सारखेच दिसतात. यातलं कोरलेलं कुठलं हे माणसाला ठरवावं लागतं आणि त्या ठरवण्याची जबाबदारी घ्यावी लागते.

आपल्याकडे हे ज्यांना पुरतं ठाऊक होतं ते शिलालेखवाले. ठसा घ्यायचा तर आधी दगड घासून धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकत ठोकत अक्षराच्या खाचेत दाबायचा, अर्धवट सुकला की शाईची पुरचुंडी वरून फिरवायची. काळ्यावर पांढरी अक्षरं उठतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातले ग. ह. खरे असं आयुष्यभर करत राहिले. पुढे शं. गो. तुळपुळ्यांनी १९६३ मध्ये 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा संग्रह छापला, आणि मराठीचं दगडावरचं वय एका पुस्तकात आलं. याच भीमेने पळसदेवावरून, नीरा नरसिंहपूरच्या संगमावरून खाली सोलापूरकडे गेलं की हत्तरसंग कुडलला सीना येऊन मिळते. तिथल्या देवळातल्या तुळईवरचा शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख सोलापूरच्या आनंद कुंभारांनी उजेडात आणला. पाठीवर विद्यापीठ नव्हतं, संस्था नव्हती. माणूस आणि पिशवी. देवळात हजारदा गेलेल्यांना जी तुळई फक्त डोक्याला लागत होती, ती त्यांनी वाचली.

आता धरणांकडे.

आस्वानचं पहिलं धरण १९०२ मध्ये पुरं झालं, आणि फिले बेटावरचं इसिसचं देऊळ वर्षातला बराच काळ पाण्यात उभं राहू लागलं. धरणाची उंची दोनदा वाढवली, पाणी चढलं, भिंतींवरचे रंग धुऊन गेले. ते रंग कसे होते हे आज नेपोलियनच्या मंडळींच्या आणि त्यांच्यानंतरच्या चित्रकारांच्या कागदांवरून कळतं. मग १९६० मध्ये मोठ्या धरणाचं काम सुरू झालं आणि अख्खा नुबिया बुडणार हे ठरलं. इजिप्तने आणि युनेस्कोने कैरोत १९५५ मध्येच एक नोंदणी केंद्र काढलं होतं. त्याची माणसं नदीच्या वर वर जात देवळं मोजत, उतरवत सुटली. आधी कागद झाला, मग पैसा गोळा झाला. अबू सिंबेल १९६४ ते १९६८ मध्ये हजारावर तुकड्यांत कापून पासष्ट मीटर वर चढवलं. भारताचीही तुकडी गेली होती. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ च्या हंगामात तिने अफ्येह या गावी उत्खनन केलं, आणि तिथल्या काळ्या-तांबड्या खापरांत लालांना दक्षिण भारतातल्या महापाषाणी खापरांची आठवण झाली. फिलेभोवती बांध घालून पाणी उपसलं, देऊळ सुटं करून शेजारच्या उंच बेटावर पुन्हा उभारलं. ते काम पुरं झालं १९८० मध्ये.

उजनी धरणही १९८० मध्येच पुरं झालं.

तुलना इथे थांबवायला हवी, नाहीतर अन्याय होईल. फिलेला जगाचा पैसा होता. भीमेकाठच्या माणसांना घर, गोठा, पाटपाण्याची जमीन आणि पूर्वजांची थडगी एकदम सोडायची होती. त्यांच्यासाठी देवळाची फीत धरायला कोण बसणार होतं? त्यांनी जमलं तेवढं केलं. नव्या गावात पळसनाथाचं नवं देऊळ उभं राहिलं, उत्सव चालू राहिला. देव हलवता येतो, दगडी घर मागे राहतं, अशी ही तडजोड आहे आणि ती सन्मानाची आहे. मागे राहिलेल्या घराचा कागद करणं हे सरकारचं आणि शिकलेल्यांचं काम होतं. तोच हात, तेच खातं, तीच साखळी संपादनासाठी प्रत्येक गुंठा मोजत फिरत होती. देवळाच्या भोवतीचं अर्धा एकर आणखी मोजायला एक दिवस पुरला असता.

कायमचं पाण्यात राहिलेलं बांधकाम पुष्कळ टिकतं. मारतं ते ओलं-सुकं होणं. विटा पाणी पितात, उन्हात ते सोडतात, चुना सुटतो. शिखराची झीज या चक्राची आहे. त्यात गाळात उघडे पडलेले वीरगळ. उन्हाळ्यात पोरं त्यांच्यावर उभी राहून फोटो काढतात, आणि एखादा सुटा दगड कोणाच्या अंगणात शोभून दिसेल असा विचार करणाराही भेटतो.

सामानाची अडचण आता उरलेली नाही. बारामतीत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, सर्वेक्षणाच्या तासाला पोरं टोटल स्टेशन घेऊन मैदानावर तीच तीच भिंत मोजतात. लेझर स्कॅनर भाड्याने मिळतो. एका दिवसात देवळाचे कोट्यवधी बिंदू गोळा करतो. पण स्कॅनरही शिकागोवाल्यांच्या फोटोसारखाच, भेग आणि नक्षी यांत भेद न करणारा. त्यानंतर कोणीतरी आरेखन फलक मांडीवर घेऊन, गाळात पोतं अंथरून, वीरगळाच्या एकेका चौकटीसमोर बसलं पाहिजे. घोडा कुठल्या दिशेला, ढाल गोल की लांबट, वरच्या चौकटीत लिंगापुढे किती माणसं, कोपऱ्यात सूर्य-चंद्र आहेत की झिजले. प्रत्येक दगडाला क्रमांक, आणि तो दगड कुठे पडला होता त्याचं माप देवळाच्या कोपऱ्यापासून. गावातल्या म्हाताऱ्यांना होडीत घालून न्यावं. वेस कुठे होती, घाटाच्या पायऱ्या किती होत्या, पार कुठला, हे त्यांनी बोट करून सांगावं आणि ते नकाशात त्यांच्या शब्दांत उतरावं. जुन्या टिपणातली शेतं चौफेर आहेतच. मधला कोरा तुकडा त्यांना जोडून भरता येईल. साखळी-आण्यांतच भरला तरी चालेल.

यासाठी मिळणारी मुदत एप्रिल-मे पुरती, आणि तीही सगळ्या वर्षी नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी शिखराच्या खांद्याखाली पाणी उतरतच नाही. जूनच्या शेवटी मावळात पाऊस धरतो, वरची धरणं भरू लागतात, आणि इंदापूरच्या मोबाइलवर एकच आकडा फिरायला लागतो: दौंडचा विसर्ग किती हजार क्युसेक. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा. मायनस कमी होत जातं तसे शेतकऱ्यांचे चेहरे सुटतात, होडीवाले नांगर उचलून मागे सरकतात. गढूळ पाणी आधी वीरगळांच्या खालच्या चौकटीत शिरतं, पडलेल्या योद्ध्यावरून, मग गाईंवरून, मग अप्सरांवरून वर चढतं, आणि दोन-तीन दिवसांत मंडपाच्या उंबऱ्याला लागतं.